लांबनाकीसाठी भरलेली गादी

आबा,

परवा तुमच्या नातीनं मला गाडीच्या शोरूममध्ये नेलं. तिला गाडी घ्यायची आहे, आणि हवी तीही नेमकी तसलीच, बुटकी, लांब नाकाची, जमिनीला चिकटून पळणारी. विकणारा मुलगा टाय लावून उभा होता. म्हणाला, "मॅडम, स्पोर्टी पण आहे आणि फॅमिलीसाठी पण आहे." मी म्हटलं, बाबा रे, ही दोन्ही एका गाडीत बसवायला निघालेला माणूस मी माझ्या घरात बघितलाय, तू मला नको सांगू. तो बिचारा टाय सारखा करत बाजूला झाला. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, आई म्हणायची तशी जिभेला हाड नाही. मग लेकीनं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "आई, आधी तू मागे बसून बघ. तुझी कंबर काय म्हणते ते सांग." एवढंच म्हणाली ती, पण मला आईची कंबर आठवली. मी बसले, उतरले, छान आहे म्हणाले आणि घरी आल्यावर तिलाच माळ्यावर चढवून तुमचं नकाशांचं पत्र्याचं नळकांडं खाली काढायला लावलं. तुम्ही गेल्यापासून ते उघडलं नव्हतं. आत काय निघालं ते शेवटी सांगते. घरात आपण अहिराणी बोलायचो, पण कागदावर नीट पुस्तकी लिहायचं असा तुमचा नियम होता, म्हणून हे असं लिहितेय.

गाडीचं खूळ तुमच्या डोक्यात एसटीत शिरलं. आईच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून तिची कंबर धरायची, आणि महिन्यातून एकदा धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला जावं लागायचं. जळगावहून एरंडोल, पारोळा करत तीन तास, तेही जागा मिळाली तर. त्या दिवशी दाट लग्नतिथी होती आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपण तिघं उभे. पारोळा सुटल्यावर आई उभ्याउभ्याच हळूहळू खाली गेली आणि लोकांच्या चपलांमध्ये बसली. कोणी ओळखू नये म्हणून पदर तोंडावर ओढून घेतला. मागितली असती तर कोणीही जागा दिली असती, पण मागणं आईच्या रक्तातच नव्हतं. मी कोणावर तरी खेकसणार होते, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही खिशातून रुमाल काढून तिच्या लुगड्याला लागलेली माती झटकलीत, चारचौघांत, खाली वाकून. आई लाजून अर्धी झाली. तुम्ही फक्त "पुरे झालं आता" म्हणालात. मला वाटलं, माती झटकण्याबद्दल म्हणताय.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गाड्या बघायला लागलात. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, आयुष्यभर धरणं, पाट आणि रस्त्याखालच्या मोऱ्या कागदावर काढलेल्या. सरकारी जीपमधून गावोगाव हिंडलात, पण स्टिअरिंगला हात लावला नाहीत, कारण डावा डोळा लहानपणीच विटीदांडूत गेलेला. माझा धाकटा भाऊ अजून शाळेत होता. म्हणून तुम्ही मला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलंत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. समोरच्या अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "पोरीला काय ट्रक चालवायला लावता का?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आधी कार शिकू द्या अक्का, ट्रकचं मग बघू." मी पहिल्यांदा गाडी घेऊन गल्लीत आले तेव्हा तुम्ही फाटकाशी उभे होता, आणि मी गाडी गटारात न घालता थांबवली म्हणून तुमचा चेहरा असा झाला होता की जणू गिरणेवरचं धरण मीच बांधलंय.

लोक गाडी घेताना बोनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवून बघतात. तुम्ही माणसं मोजलीत. एका रविवारी आम्हा सगळ्यांना दिवाणावर ओळीनं बसवलंत आणि टेप घेऊन एकेकाची रुंदी, बसल्यावरची उंची, गुडघ्यापर्यंतचं माप घेऊन वहीत उतरवलंत. आईची उंची अंबाड्यासकट मोजलीत. ती म्हणाली, "अंबाडा कशाला मोजताय?" तर म्हणालात, "मग काय तो घरी ठेवून येणार आहेस?" त्यानंतर अंगणात खडूनं तीन गाड्यांच्या मागच्या सीटा आखल्यात, खऱ्या मापाच्या. तिन्ही गाड्यांची नावं तुमचीच: एक जुनी, उंच, ती गोलपाठी. एक नवीनच निघालेली, छोटी, ती डबी. आणि तिसरी लांबनाकी. धुळ्याचा मामा तेव्हा आलेला होता. त्याला डबीच्या चौकटीत बसवलं तर अर्धा मामा रेघेबाहेर. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "दाजी, मी अर्धा येस मंग, अर्धा एसटीमा बसस." आई हसून हसून कंबर धरून बसली.

लांबनाकीची बातमी मामानंच आणली होती. धुळ्यातल्या एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलानं हौसेनं मुंबईहून आणलेली, वर्षभरही धड न वापरलेली. आता त्याला दुसरी काहीतरी हवी होती, म्हणून ही विकायची होती. किंमत आपल्या आटोक्यात, पण टाचा उंच केल्यावर. मामाला ती विमानच वाटली. म्हणाला, "गाडी नही दाजी, इमान शे इमान. इतली आरामनी सीट मन्हा घरना पलंगलेबी नही." तुम्ही त्याच्याबरोबर एकटेच जाऊन बघून आलात आणि संध्याकाळी जेवताना भाजीत मीठ नव्हतं ते तुम्हाला कळलं नाही. आबा, तुम्हाला कशाचीच हौस नव्हती. दोन पॅन्ट, चार बुशशर्ट, एक घड्याळ. पानसुद्धा लग्नात दिलं तर खायचा. त्या माणसाला मी त्या आठवड्यात कागदाच्या कपट्यांवर, वर्तमानपत्राच्या कडेला, एकदा तर दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर त्या गाडीचं नाक काढताना बघितलं. तिन्ही गाड्यांचा तुम्ही तक्ता केला होता, सीट, छत, स्प्रिंगा, डिकी, सुटे भाग, सगळं लिहिलेलं. लांबनाकीच्या ओळीत फक्त पेट्रोलचा रकाना कोरा होता. आणि तुम्ही तर मोरीच्या नकाशात चिखलाचीसुद्धा जाडी लिहायचा. मी बोट ठेवलं तर म्हणालात, "ते नंतर भरू."

पण नुसती हौस होती असंही मी म्हणणार नाही. तुमचं म्हणणं होतं की उंच गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा धक्का सरळ माणसाच्या कमरेत येतो, आणि हिच्या स्प्रिंगा तो खालीच गिळतात. "मला पळवायची नाही गं गाडी," तुम्ही म्हणालात. "मला तुझ्या आईला न हलवता धुळ्याला न्यायचंय. आता ती गाडी पळतेही, त्याला मी काय करू?" हे म्हणताना तुमच्या मिशीत हसू होतं ते मला दिसलं होतं.

त्याच आठवड्यात माझं पुण्याचं पत्र आलं. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. फी, वसतिगृह, खानावळ, दोन वर्षं. पोस्टमन आला तेव्हा तुम्ही कचेरीत होता. मी ते पत्र आईला चुलीपुढे वाचून दाखवलं. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा, पण भाकरी काठावर जाड राहिली. मग म्हणाली, "तुझं पुणं त्या गाडीच्या लांब नाकात अडकलंय बघ." लांबनाकी आणि गोलपाठी यांच्या किमतीत जो फरक होता त्यात माझी दोन वर्षं निघत होती, इतकं सरळ होतं. मी म्हटलं, आबांना सांगते. ती म्हणाली, "सांग की. ते गाडीच घेणार नाहीत मग, कोणतीच. सगळे पैसे तुझ्या हातावर ठेवतील आणि मी जाईन एसटीनं. त्यांना अर्धं द्यायला येत नाही." तुम्हाला तिच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. मग तिनंच मार्ग काढला. लांबनाकी बुटकी आहे, तेव्हा ती बसताना उठताना कण्हेल, मला नाही जमत म्हणेल, तुम्ही आपोआप गोलपाठीकडे वळाल, आणि उरलेल्या पैशांत पुणं. "तू फक्त तोंड उघडू नको," असं मला दोनदा बजावलं. तुम्हाला फसवतोय असं तेव्हा वाटलं नाही मला. उलट आपण किती हुशार असं वाटलं. एकवीस वर्षांची होते, दुसरं काय वाटणार.

धुळ्याला आपण लवकरच्या एसटीनं गेलो, चौघं. तुमच्या हातात एक मोठी तागाची पिशवी होती. काय आहे विचारलं तर "आहे" म्हणालात. शेठच्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगांमागे लांबनाकी उभी होती, काळसर लाल. खरं सांगते आबा, माझे पाय तिथंच थांबले. मामा शेठना भावात खाली आणायला कचेरीत जाऊन बसला. शेठच्या ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. आईनं ठरल्याप्रमाणे एक पाय आत टाकला, खाली वाकली, "आई गं" म्हणून दाराला धरून उभी राहिली. "फार खाली आहे हो. बसले तर उठणार नाही मी." फार छान केलं तिनं, मला खरंच वाटलं. तुम्ही घाबरला नाहीत, नाराजही झाला नाहीत. "थांब," म्हणालात, आणि पिशवीतून ती गादी काढलीत.

मागे उंच आणि पुढे उतरती, निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची गादी. तुम्ही पिंजाऱ्याकडून ती भरून घेतली होती, नकाशा काढून देऊन. त्या म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा नकाशा बघून गादी भरली असेल. मागे चार इंच, पुढे दोन, कापूस किती दाबल्यावर किती बसेल याचाही अंदाज धरलेला. तुम्ही ती सीटवर ठेवलीत, हातानं सारखी केलीत आणि आईला म्हणालात, "आता बस. गुडघे वर येणार नाहीत. आणि अंबाड्याला दोन बोटं जागा राहील." आईनं माझ्याकडे बघितलं. मग बसली. काही केल्या कण्हता येईना तिला, इतकं ते बरोबर झालं होतं. अंबाडा आणि छत यांच्यामध्ये तुम्ही खरोखरच दोन बोटं घालून बघितलीत.

मग तुम्ही मला नेहमीच्या लाडानं म्हणालात, "माय, तू चालव." शेठचा ड्रायव्हर माझ्या शेजारी, तुम्ही, आई आणि धाकटा मागे. गावाबाहेर पडलो, फागणे गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी कडुनिंबाची झाडं होती तेव्हा, आणि त्यांच्या सावल्या बोनेटवरून सरसर येत होत्या. मी आजवर फक्त ट्रेनिंग स्कूलची खटारा गाडी चालवली होती, जिचा गिअर दोन्ही हातांनी टाकावा लागायचा. मी पाय जरा दाबला. गाडी ओरडली नाही, नुसती पुढे गेली. काटा कुठे होता ते मी तुम्हाला सांगणार नाही, आताही नाही. धाकटा मागून "अजून, अजून" करत होता. मुकटी जवळ आली तेव्हा आरशात बघितलं तर आई झोपली होती. तोंड थोडं उघडं, डोकं तुमच्या खांद्यावर. ऑपरेशनपासून ती गाडीत कधी झोपलीच नव्हती, दांडा घट्ट धरून बसायची. तुम्ही हलत नव्हता. आरशात तुमचा चांगला डोळा माझ्याकडे होता, आणि तुम्ही ओठांनीच सांगितलंत, झोपली.

मुकटीपाशी मी गाडी वळवून घेतली. परत निघाल्यावर तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "कशी वाटते गं माय?"

आई झोपलेली. कण्हणारं कोणी उरलं नव्हतं. मला पत्र आठवलं, त्यावरची प्रवेशाची शेवटची तारीख आठवली. मी समोर बघत म्हटलं, "स्टिअरिंग फार जड आहे आबा. हात भरून आले माझे. रोज नाही जमायचं मला."

शेठच्या ड्रायव्हरनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरचा माणूस, तो काय बोलणार. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, खरंच का, किती जड, सवय होईल का. आईच्या कण्हण्यावर तुमच्याकडे चार इंचांचं उत्तर होतं. माझ्या बोलण्यावर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. जिनिंगमध्ये आलो तेव्हा मामा हसत बाहेर आला, शेठ तयार झाले होते. तुम्ही म्हणालात, "नको. पोरीला जड जाते." मामा म्हणाला, "मंग ड्रायव्हर ठेवा ना दाजी." तुम्ही त्याला काही उत्तर दिलं नाहीत. गादी पिशवीत घातलीत आणि आपण एसटीनं परत आलो. येताना आईला जागा मिळाली, तिला तुम्ही गादीवर बसवलंत आणि स्वतः पारोळ्यापर्यंत उभे राहिलात.

महिन्याच्या आत गोलपाठी आली. जुनी होती पण धडधाकट, आपल्याला परवडणारी. तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही, पंधरा वर्षं राबली ती. गादी मात्र तिच्यात बसेना. सीट आधीच उंच, वर गादी घातली की आईचे पाय अधांतरी. मग आई ती कमरेमागे घ्यायला लागली. खड्डा आला की डोळे मिटायची, आणि मी वळून बघितलं की लगेच उघडायची. एकदाही काही म्हणाली नाही. गाडी आल्यावर आठवड्यानं मी तुम्हाला पुण्याचं पत्र दिलं. "आजच आलं," म्हटलं. तुम्ही ते वाचलंत, पाकीट उलटं करून पोस्टाचा शिक्का बघितलात, घडी घालून परत दिलंत. शिक्का सहा आठवड्यांपूर्वीचा होता, आणि सुईच्या टोकाएवढी अक्षरं वाचायची तुम्हाला आयुष्यभराची सवय. "पैसे आहेत," एवढंच म्हणालात. मला पोचवायला पुण्याला आलात तेव्हा वसतिगृहाच्या खोलीची खिडकी वितीनं मोजून गेलात, आणि पंधरा दिवसांनी पार्सलनं तंतोतंत मापाचा पडदा आला.

तुम्ही मला कधी मारलं नाहीत. एकदाच रागावलात ते लक्षात आहे. मी नववीत होते, भूमितीची आकृती तुमच्या टेबलाशी बसून काढत होते आणि पुसट वाटली म्हणून एक रेघ पुन्हा ओढली. तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. "रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढणाऱ्याला पहिलीची खात्री नसते." मी दिवसभर फुगून बसले होते, जेवलेही नाही. एवढ्याशा रेघेवरून एवढं काय, असं वाटलं.

तुमच्या शेवटच्या वर्षी मी जळगावातच कॉलेजात शिकवत होते. उजवा डोळाही अधू झाला होता तुमचा. धुळ्याला मामाकडे लग्न होतं, गोलपाठीत मी पुढे, तुम्ही आणि आई मागे. मुकटी आली. तुम्हाला रस्ता दिसत नव्हता, पण वळण अंगाला कळलं असेल. विचारलंत, "माय, ती लांबनाकी खरंच जड होती का गं?" तेव्हा सांगता आलं असतं. पुणं झालं होतं, नोकरी लागली होती, आता काही अडकलेलं नव्हतं. आई तुमच्या शेजारी बसली होती, गादी कमरेमागे घेऊन, आणि खिडकीबाहेर बघत होती. मला लाज वाटली की भीती, अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "हो आबा. फारच जड होती." तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "बरं झालं मग, नाही घेतली ते." बोलून झाल्यावर मला ती भूमितीची रेघ आठवली. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

आता नळकांडं. वर धरणांचे निळे नकाशे होते, आणि सगळ्यात आत, त्यांच्यात गुंडाळलेला एक ट्रेसिंग कागद. लांबनाकीचा उभा छेद, आतलं सगळं दिसेल असा, मापासकट. मागच्या सीटवर आई, अंबाड्यासकट, खाली उतरती गादी, डोक्यावर दोन बोटांचं माप बाणानं दाखवलेलं. शेजारी चष्मा घातलेला माणूस, मापं कमी, घाईत काढल्यासारखा. त्याच्यापलीकडे धाकटा, पाय हलवतोय असा. आणि पुढे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवलेली एक मुलगी, तिची वेणी सीटच्या मागे सोडलेली. तारीख आपण धुळ्याला गेलो त्याच्या आदल्या दिवसाची. ज्या चौकटीत तुम्ही मोरीचं नाव आणि गाव लिहायचा तिथे तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलंय, "घरची गाडी. चालक: माय." मी भिंग लावून बघितलं आबा. त्या अख्ख्या कागदावर एकच रेघ दोनदा ओढलेली आहे, वेणीची.

मला वाटत होतं, तुम्ही ती गाडी आईसाठी घेत होता, आणि थोडी स्वतःच्या हौसेसाठी. ड्रायव्हर ठेवा असं मामा म्हणाला तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. चालकाच्या जागेवर तुम्ही माझ्याशिवाय दुसरं कोणी धरलंच नव्हतं. आईला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तीही आता नाही. गादी आहे. कापूस दोनदा पिंजून भरला, कापड बदललं, माप तेच ठेवलं. शोरूममधली ती गाडी लेक घेणार आहे. तिला मी सांगितलंय की मागे ही गादी ठेवायची, मला तिच्यावरच बसायचंय. तिनं छत बघितलं आणि म्हणाली, "बसेल गं. तुला कुठे अंबाडा आहे?"

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. त्या ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळीत सरकवून नळकांड्याचं झाकण लावून टाकते. पण दोनदा विचारलंत तुम्ही, म्हणून एकदा तरी सरळ सांगते. स्टिअरिंग जड नव्हतं, आबा. मुकटीला वळवून घेतल्यावर मी हात सैल सोडले होते, आणि ते आपणहून सरळ झालं होतं.